वहीतले अठरा हजार

राष्ट्रीय लोकअदालतीच्या शनिवारी शिवाजीनगर कोर्टात लग्नाच्या हॉलसारखी गर्दी असते. काका-काकू जिन्यापाशी बसले होते. काकूंच्या मांडीवर पिशवी, पिशवीत एका वहीची झेरॉक्स. मी त्यांची वकील; मूळ वही आमच्या अपघात-भरपाईच्या दाव्याच्या फाईलमध्ये.

मुलगा २७ वर्षांचा, लग्न व्हायचं होतं. धायरीहून खेड शिवापूरला कारखान्यात कंत्राटी कामाला जायचा, पगार २४,०००. नवले पुलाच्या उतारावर ट्रकने उडवलं. काका ६९ वर्षांचे, काकू ६३ च्या. दुसरं मूल नाही.

भरपाई काढताना वर्षाची कमाई ज्या आकड्याने गुणतात तो गुणक; तो वयावरून ठरतो. विमा कंपनीच्या अधिकाऱ्यांनी काकूंच्या वयाचा गुणक धरला, ७. रक्कम साधारण चौदा लाख. "मॅडम, दावेदारांचं वय बघा ना," हे काकूंच्या देखत. मी सर्वोच्च न्यायालयाचे २०१५ आणि २०१९ चे निकाल पुढे केले : गुणक मृताच्या वयावरून, आईवडिलांच्या नाही. २७ ला १७. त्यांनाही हे पाठ असतं, पण खडा टाकून बघतातच.

मग नवा हिशेब. वर्षाचे २,८८,०००, पुढे पगार वाढला असता म्हणून ४० टक्के भर, झाले ४,०३,२००. त्यातले निम्मे वजा. उरलेल्याला १७ ने गुणलं की ३४,२७,२००.

"निम्मे कशाचे कापले?" काकांनी विचारलं.

"अविवाहित मुलगा अर्धा पगार स्वतःवर खर्च करतो असं धरतात, काका."

त्यांनी झेरॉक्स काढली. दर महिन्याच्या सात तारखेला मुलाच्या अक्षरात एकच ओळ : 'घरी १८,०००'. खाली गोळ्या, सिलिंडर, आईचा चष्मा. उरलेल्या सहा हजारांत त्याचं पेट्रोलही.

२००९ च्या सरला वर्मा निकालात सवलत आहे, पण विधवा आई आणि न कमावणारी बरीच धाकटी भावंडं असं मोठं कुटुंब असेल, तर. तिथे तिसरा हिस्साच कापता येतो. मी हे सांगितल्यावर काका म्हणाले, "म्हणजे एकच पोर झालं, ही आमची चूक?"

मी फाईलची दोरी सोडून पुन्हा बांधली. सरसकट निम्म्याचा नियम का केला ते मला कळतं; घरोघरी अशी वही सापडत नाही. पण सापडली तर ती वाचायला काय हरकत आहे?

पुत्रवियोगाची आणि अंत्यविधीची रक्कम धरून, व्याजावर पाणी सोडून, ३५ लाखांवर तडजोड झाली. यावर अपील नाही, हे मी दोनदा समजावलं. बरीचशी रक्कम मुदतठेवीत जाणार होती. काकूंनी एकेक अक्षर काढत सही केली.

जिना उतरताना काका थांबले. "केस संपली, आता वही परत मिळेल का?"

"अर्ज करावा लागेल."

"करा मग. पेन्सिलीनं लिहिलेलं झेरॉक्समध्ये उमटलं नाही."