मुंबई–न्यूयॉर्क थेट विमानाने: जाताना सोळा तास, येताना साडेचौदा

ऑक्टोबरात आम्ही दोघं मुलीकडे न्यू जर्सीला जाऊन आलो. तिकिटावर मुंबईहून रात्री २ ला निघून सकाळी ८.३० ला न्यूयॉर्क, असं छापलेलं असतं. वाचणाऱ्याला वाटावं, साडेसहा तासांत पोचणार! मार्च ते नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत न्यूयॉर्क आपल्यामागे साडेनऊ तास असतं, एरवी साडेदहा. म्हणजे विमानात बसायचं ते सोळा तास. आणि बाहेरची रात्र काही केल्या संपत नाही.

दोन्ही विमानतळांमधलं सरळ अंतर साधारण १२,५०० किलोमीटर. पृथ्वीगोलावर दोरा ताणून बघा, तो अरबस्तानावरून न जाता वर अफगाणिस्तान, कझाकस्तान, सेंट पीटर्सबर्गजवळून नॉर्वेकडे चढतो आणि ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाखालून लॅब्राडोरला उतरतो. पण विमान या दोऱ्यावरून जाईलच असं नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं, त्यामुळे आपल्या विमानांना समुद्रावरून वळसा पडला. अमेरिकन कंपन्यांना २०२२ पासून रशियावरून जाता येत नाही. त्यात दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. जाताना तो तोंडावर येतो, परतताना पाठीवर. म्हणून येताना दीड तास वाचला. नुसतं अंतर बघून वेळ काढू नका, त्या महिन्याचं वेळापत्रक बघा.

गुडघे कुरकुरत असले तरी मी थेट विमानच घ्या म्हणेन. मधल्या विमानतळावर गेट शोधत धावण्यापेक्षा ते बरं. मात्र जागा कडेची, रस्त्यालगतची घ्या आणि दर दोन तासांनी उठून फेरी मारा. व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगून ठेवावी, त्यात कसला कमीपणा?

मधुमेह किंवा रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावं, कारण जाण्याचा दिवस साडेतेहेतीस तासांचा होतो. औषधं चिठ्ठीसकट हातातल्या बॅगेत. पॉवर बँकही तिथेच. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मोठ्या बॅगेत चालत नाहीत, तेलकट खोबरं पेट घेऊ शकतं म्हणून. लाडू, चिवडा, लोणचं नेता येतं, पण उतरल्यावर खाण्याचं सामान आहे का विचारलं तर सरळ हो म्हणा. लपवलं तर दंड होतो. मुलांचा पत्ता कागदावर लिहून ठेवा, मोबाइलची बॅटरी ऐनवेळी संपते.

आणि तारीख नीट बघा. १५ तारखेचं रात्री २ चं विमान म्हणजे १४ च्या रात्रीच विमानतळावर पोचायचं. पुण्याहून येणाऱ्यांनी १४ च्या संध्याकाळी पाचलाच घर सोडावं, एक्सप्रेसवेवर घाटात गाडी कधी अडकेल याचा नेम नाही.