टेस्टरच्या फोनवर थांबलेली रेषा

"मॅडम, पेशंट गेला वाटतं," टेस्टर हसत म्हणाला आणि त्याने फोन माझ्यापुढे धरला. ईसीजीची रेषा ठप्प. वरचा ठोक्यांचा आकडा मात्र बदलत होता: 72, 74, 73. संध्याकाळी डॉक्टरांना डेमो द्यायचा होता.

आमच्या ईसीजी अॅपचा स्क्रीन जेटपॅक कंपोझचा, म्हणजे अँड्रॉइडवर स्क्रीन रचायच्या गूगलच्या साधनसंचाचा. आलेख तेवढा कॅनव्हासवर, म्हणजे कोऱ्या चित्रफलकावर, आम्हीच काढतो. ब्लूटूथवरून सेकंदाला 250 नमुने, म्हणजे ईसीजीची मोजमापं, येतात. आधी मी ते स्टेटमधल्या (जो बदलला की कंपोझ स्क्रीन नव्याने रचतं, त्या साठ्यातल्या) यादीत ठेवायचे. त्यापायी प्रत्येक फ्रेमला, म्हणजे स्क्रीनवरच्या प्रत्येक नव्या चित्राला, नाव, वय, बटणं, सगळंच पुन्हा रचलं जायचं. 60 हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला 60 फ्रेम असताना, एका फ्रेमच्या वाट्याला जेमतेम 16.6 मिलिसेकंद येतात; स्वस्तातल्या फोनला धाप लागायची. म्हणून आदल्या रात्री यादी काढून स्टेटबाहेर आकड्यांची रांग, म्हणजेच साधा अ‍ॅरे घातला. माझ्या फोनवर रेषा सरसर धावली आणि मी खुशीत झोपले.

दुपारपर्यंत ब्लूटूथवर संशय. लॉग पाहिले तर नमुने बिनचूक येत होते. मग सहज लक्षात आलं: आकडा बदलला की रेषा एक उडी मारते आणि पुन्हा थिजते!

कंपोझ फक्त स्टेटवर नजर ठेवतं. साध्या अ‍ॅरेत काय भरलं, त्याला पत्ताच नसतो. मग माझ्या फोनवर रेषा का धावत होती? कोपऱ्यातल्या लुकलुकणाऱ्या हृदयामुळे. तेही कॅनव्हासवरच, आलेखाच्याच लेयरमध्ये. ते दर फ्रेमला नव्याने काढलं जाई, आणि त्याच्याबरोबर आलेखही फुकटात. टेस्टरने ऑटोमेटेड टेस्टसाठी डेव्हलपर ऑप्शन्समधून अ‍ॅनिमेशन बंद ठेवलं होतं. हृदय थांबलं, रेषाही थांबली. (त्याचा विनोद तसा खराच होता म्हणायचा.)

दुरुस्ती चार ओळींची. शेवटच्या नमुन्याचा क्रमांक स्टेटमध्ये ठेवला, दर फ्रेमला एकदाच बदलला आणि तो वाचला फक्त चित्र काढणाऱ्या कोडच्या ब्लॉकच्या आत. त्यामुळे रचना आणि मांडणी जागच्या जागी राहतात, नुसतं रेखाटन पुन्हा होतं. तोच क्रमांक बाहेर वाचला असता तर पुन्हा कालचीच धाप.

डेमो टेस्टरच्याच फोनवर दिला, हृदय स्थिर ठेवून. डॉक्टरांचं तिकडे लक्षही गेलं नाही. त्यांनी पट्टी मागितली आणि आलेखाच्या जाळीतला मोठा चौकोन 5 मिलिमीटरचाच आहे ना, ते मोजायला घेतलं.