शिखर ओलांडल्याचे कळते कधी?

जळगावच्या एका चटई कारखान्याचे हिशेब मी गेली सोळा वर्षे पाहतो आहे. त्याच्या विक्रीच्या वहीत मी स्वतःसाठी एक जादा रकाना आखून ठेवला आहे : माल रवाना झाल्यापासून पैसे हाती येईपर्यंत किती दिवस गेले. माझा अनुभव असा की बाजार फिरू लागला की आधी वसुली लांबते, 45 दिवसांचे 60 होतात, आणि विक्रीचा आकडा त्यानंतरच खाली येतो. तेजी संपून मंदी नेमकी कोणत्या महिन्यात सुरू झाली, या प्रश्नात मला रस लागला तो या रकान्यामुळे.

प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. खानदेशात दसरा-दिवाळीनंतर जिनिंगमध्ये कापसाच्या गाड्यांची रांग लागते आणि उन्हाळ्यात तीच जिनिंग बंद पडते. या उताराला कोणी मंदी म्हणत नाही. हंगामाचा हा परिणाम टाळण्यासाठी आपण चालू महिन्याची तुलना गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करतो, पण त्या सवयीतच मोठी फसगत दडलेली आहे. समजा, एखादा निर्देशांक गेल्या एप्रिलात 100 होता, दरमहा एकेक अंकाने चढत या एप्रिलात 112 झाला आणि तेथून दरमहा एकेक अंकाने उतरू लागला. सप्टेंबरात तो 107 असेल, गेल्या सप्टेंबरात 105 होता. म्हणजे घसरण सुरू होऊन पाच महिने लोटले तरी कागदावर वाढच दिसते. म्हणूनच हंगामी चढउतार गणिताने वजा करून मूळ पातळी पाहावी लागते, आणि वर्तमानपत्रातील वाढीच्या टक्क्यांवरून वळण ओळखू पाहणे मला धोक्याचे वाटते.

तेजी संपून उतार सुरू होतो त्या वळणाच्या महिन्याला शिखर म्हणतात, पण पातळी हाती आली तरी प्रत्येक उंचवट्याला शिखर म्हणता येत नाही. ब्राय आणि बॉशन या अर्थशास्त्रज्ञांनी 1971 मध्ये मांडलेल्या पद्धतीत तेजीचा किंवा मंदीचा टप्पा किमान 5 महिन्यांचा आणि एका शिखरापासून पुढच्या शिखरापर्यंतचे संपूर्ण चक्र किमान 15 महिन्यांचे असावे लागते. शिखर ठरवायला त्याच्या दोन्ही बाजूंचे महिने पाहावे लागतात, त्यामुळे विलंब त्या पद्धतीतच आहे. अमेरिकेत नॅशनल ब्युरो ऑफ इकॉनॉमिक रिसर्च या संशोधन संस्थेची समिती या तारखा ठरवते. डिसेंबर 2007 मधील शिखर तिने 1 डिसेंबर 2008 रोजी जाहीर केले, तेव्हा लेहमन ब्रदर्स ही बडी बँक बुडून अडीच महिने होत आले होते. फेब्रुवारी 2020 चे शिखर मात्र जूनमध्येच जाहीर झाले, कारण घसरण इतकी खोल होती की शंकेला जागाच उरली नव्हती. त्याच वर्षीच्या एप्रिलमधील तळ, म्हणजे मंदी संपण्याचा महिना, जाहीर व्हायला जुलै 2021 उजाडले. हा उशीर मला दोष वाटत नाही. एकदा दिलेली तारीख मागे घ्यावी लागू नये, यासाठी मोजलेली ती किंमत आहे.

घाईची किंमत मी स्वतः पाहिली आहे. 2017 च्या मे-जूनमध्ये माझ्या रकान्यातील दिवस भराभर वाढले, नव्या ऑर्डरी आटल्या, आणि मंदी आली असे ठरवून मी मालकांना प्लास्टिकच्या दाण्याची खरेदी लांबवायला सांगितले. प्रत्यक्षात जुलैपासून जीएसटी लागू होणार म्हणून व्यापारी जुना साठा रिकामा करत होते. ऑगस्टमध्ये मागणी परतली, दाणा वाढीव दराने घ्यावा लागला, आणि सणाच्या तोंडावर चार मशिने उभी राहिली. मालक काहीच बोलले नाहीत, त्याचेच मला अधिक वाईट वाटले.

त्यानंतर मी दोन गोष्टी बदलल्या. एकट्या वसुलीवर भिस्त न ठेवता कारखान्याच्या विजेची युनिटे आणि रात्रपाळीची हजेरीही मांडू लागलो. तिन्ही एका दिशेने वळल्याखेरीज खूण करत नाही. शिवाय पहिली खूण शिसपेन्सिलीने करतो आणि पाच महिने टिकली तरच शाईने गिरवतो. सध्या वहीत पेन्सिलीची एक खूण आहे, तिला तीन महिने झाले आहेत.