फिल्ममधलं मॅग्नेटिझम नक्की कुणाचं? मल्टिफेरॉइक पडताळणीचा माझा अनुभव

मल्टिफेरॉइक म्हणजे एकाच मटेरियलमध्ये फेरोइलेक्ट्रिक (फील्डने उलटवता येणारं स्वतःचं पोलरायझेशन) आणि मॅग्नेटिक दोन्ही गुण. ऑरिव्हिलियस फेज नावाच्या थरदार मटेरियलच्या पातळ फिल्म्समध्ये रूम टेम्परेचरला मॅग्नेटिक लूप (फील्ड वाढवत-कमी करत मोजलेला बंद आलेख) दिसणं अवघड नाही, अवघड आहे ती लूप मेन फेजचीच, म्हणजे मुख्य मटेरियलचीच आहे, भेसळीची नाही, हे दाखवणं, आणि माझा बहुतेक वेळ त्यातच गेला. मटेरियल माहीत नसेल तर थोडक्यात सांगते, बिस्मथ ऑक्साइडचा थर, मग पेरोव्स्काइट या प्रकारच्या (इथे टायटॅनियमवाल्या) ऑक्साइडचे काही थर, परत बिस्मथ ऑक्साइड अशी ही रचना, बेंग्ट ऑरिव्हिलियस यांनी १९४९ मध्ये मांडलेली. पेरोव्स्काइटमधल्या काही टायटॅनियमच्या जागी लोखंड, मँगनीज, कोबाल्ट बसवलं की एकाच क्रिस्टलमध्ये फेरोइलेक्ट्रिक आणि मॅग्नेटिक दोन्ही गुण मिळतील ही आशा. गोची अशी की ॲनील करताना, म्हणजे भट्टीत तापवताना, बिस्मथ उडून जातं आणि उरलेलं लोखंड-कोबाल्ट एकत्र येऊन स्पिनेल बनवतं, म्हणजे मॅग्नेटाइट किंवा कोबाल्ट फेराइट, आणि हे दोघंही रूम टेम्परेचरला जबरदस्त मॅग्नेटिक.

किती जबरदस्त, ते कागदावर मांडल्यावरच मला नीट कळलं. सॅम्पल ५ बाय ५ मिलिमीटर आणि फिल्म १०० नॅनोमीटर जाडीची धरा. त्यातला फक्त १ टक्का भाग मॅग्नेटाइट असेल तरी साधारण १२ मायक्रो-इएमयू (इएमयू हे मॅग्नेटिक मोमेंटचं एकक) सिग्नल येतो, आणि स्क्विड हा अतिशय संवेदनशील मॅग्नेटोमीटर तर ०.१ मायक्रो-इएमयूसुद्धा सहज पकडतो. फिल्मच्या व्हॉल्यूमने भागलं तर प्रति घन सेंटीमीटर ५ इएमयूच्या जवळपास, म्हणजे अगदी आपल्याला हवा तसा "कमकुवत पण नक्की आहे" वाटणारा आकडा! आणि एवढं थोडं स्पिनेल नेहमीच्या एक्स-रे डिफ्रॅक्शन (एक्सआरडी) स्कॅनमध्ये दिसेलच याची खात्री नाही. त्यामुळे "एक्सआरडीमध्ये इम्प्युरिटी दिसली नाही, म्हणून मॅग्नेटिझम इंट्रिन्सिक (मटेरियलचं स्वतःचं)" हे वाक्य वाचलं की मी तिथेच थांबते. या क्षेत्राने हे आधी अनुभवलंय. बिस्मथ फेराइटच्या फिल्म्समध्ये मोठं मॅग्नेटायझेशन असल्याचा दावा २००३ मध्ये आला आणि २००५ मध्ये त्यावर जाहीर वाद झाला. हाफ्नियम ऑक्साइडबद्दल २००४ मध्ये असाच दावा आला होता, आणि पुढच्याच वर्षी दुसऱ्या गटाने दाखवलं की फिल्म स्टीलच्या चिमट्याने धरली तरी तसा सिग्नल येतो.

म्हणून मोजणीच्या आधीची शिस्त ठरवली. चिमटे प्लास्टिकचे किंवा टायटॅनियमचे, कापलेल्या कडा साफ केलेल्या, आणि मागच्या बाजूला सिल्व्हर पेंट राहिलेला नको. स्ट्रॉन्शियम टायटॅनेटचा अर्धा मिलिमीटर जाडीचा सबस्ट्रेट (ज्यावर फिल्म वाढवतात तो तळ) १ टेस्लाला साधारण उणे ७० ते ८० मायक्रो-इएमयू देतो, म्हणजे फिल्मच्या कितीतरी पट, त्यामुळे सबस्ट्रेटची फील्डबरोबर बदलणारी सरळ रेष वजा करताना फिट जरा हलला तरी फिल्मचा आकडा बदलतो. माझ्या मते सगळ्यात उपयोगी सॅम्पल म्हणजे लोखंड अजिबात नसलेली बिस्मथ टायटॅनेटची फिल्म, त्याच भट्टीत, त्याच हाताळणीतून गेलेली. तिच्यात लूप आली तर बाकीचं पुढे मोजण्यात अर्थ नाही.

एक्सआरडीत फिल्म सी-ॲक्सिसने उभी (म्हणजे थर सबस्ट्रेटला समांतर) वाढलेली असते, त्यामुळे साध्या स्कॅनमध्ये तिचेच पीक सगळीकडे, ग्रेझिंग अँगलने (अगदी तिरप्या कोनातून) आणि स्पिनेलचा ३५.४ अंशाजवळचा पीक खूप वेळ मोजून बघावं लागतं, कॉपरचा सोर्स असेल तर.

मग टीईएम (ट्रान्समिशन इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप). चित्रं सुंदर येतात, थर एकेक मोजता येतात, पण एका लॅमेलात (फिल्ममधून कापलेल्या पातळ कापात) १० मायक्रॉन लांब आणि ५० नॅनोमीटर जाड तुकडा दिसतो म्हणजे अख्ख्या सॅम्पलचा ५ कोटीवा भाग. तिथे स्पिनेल नाही म्हणून कुठेच नाही असं म्हणणं मला पटत नव्हतं. म्हणून एसईएममध्ये (स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) बॅकस्कॅटर, म्हणजे परत फिरलेले इलेक्ट्रॉन पकडणारा मोड, लावून मोठा एरिया बघितला, कारण बिस्मथ जड असल्याने मेन फेज उजळ दिसतो आणि स्पिनेलमध्ये बिस्मथ नसतं म्हणून त्याचे कण काळपट दिसतात, मग त्यावर ईडीएक्स (कुठली मूलद्रव्यं आहेत ते सांगणारी मोजणी). ठिकाणं आपल्या आवडीने न निवडता रँडम घ्यायची. साधा हिशेब असा की ३०० ठिकाणी एकही कण नाही सापडला, तर ९५ टक्के खात्रीने म्हणता येतं की कण असलेली ठिकाणं १ टक्क्याहून कमी आहेत. त्यावरून स्पिनेलची वरची मर्यादा काढायची, तेवढ्या स्पिनेलचा जास्तीत जास्त सिग्नल काढायचा आणि तो मोजलेल्या सिग्नलशेजारी ठेवायचा. मर्यादा सिग्नलपेक्षा बरीच खाली आली तरच दावा करायचा. माझ्या कोबाल्टवाल्या फिल्म्स इथेच बाद झाल्या, लोखंड-मँगनीजवाल्या टिकल्या.

तरी एसईएमला न दिसणारे बारीक कण राहतातच, त्यासाठी सिंक्रोट्रॉनवर (तीव्र एक्स-रे देणारं मोठं यंत्र) एक्सएमसीडी, म्हणजे एकेका मूलद्रव्याचं मॅग्नेटिझम एक्स-रेंनी वेगळं मोजणं. मला सगळ्यात जास्त आवडलेला भाग हाच. मॅग्नेटाइटमध्ये काही लोखंड टेट्राहेड्रल जागी (चार ऑक्सिजनच्या मध्ये) असतं आणि त्याचा स्पिन उलटा, म्हणून लोखंडाच्या एल-एजवर (लोखंड एक्स-रे शोषतं त्या ऊर्जेजवळ) खाली-वर-खाली असा ओळखू येणारा आकार दिसतो. ऑरिव्हिलियसमध्ये लोखंडाला टेट्राहेड्रल जागाच नाही! त्यामुळे तो उलटा पीक दिसला की सिग्नल कुठून आला ते कळतं. फक्त इलेक्ट्रॉन यील्ड (बाहेर पडणारे इलेक्ट्रॉन मोजणं) वरचे काही नॅनोमीटरच बघतं, म्हणून जमेल तिथे फ्लुओरेसन्सही (बाहेर पडणारे एक्स-रे, जे खोलवरून येतात) घ्या.

फेरोइलेक्ट्रिक बाजूही तितकीच कडक तपासली. जेम्स स्कॉट यांनी २००८ मध्ये केळ्याच्या सालीचीसुद्धा हिस्टेरेसिस लूप काढून दाखवली होती, लीकेजमुळे (आतून गळणाऱ्या करंटमुळे), तेव्हा नुसती गोलसर लूप मी पुरावा मानत नाही, पंड पल्सने (एकाच दिशेचे दोन-दोन पल्स देऊन) लीकेज वेगळं काढते. यातलं पोलरायझेशन मुख्यतः थरांच्या पातळीत असतं, त्यामुळे वर-खाली इलेक्ट्रोड लावून फार काही हाती लागत नाही आणि लॅटरल पीएफएमच (बारीक टिपने पृष्ठभागावरचं आडवं पोलरायझेशन वाचणारा मायक्रोस्कोप) लागतो. त्यात सॅम्पल ९० अंशात फिरवून परत बघायचं, आणि लिहिलेले डोमेन (एकाच दिशेच्या पोलरायझेशनचे भाग) दुसऱ्या दिवशीही आहेत का तेही, कारण टिपने सोडलेला चार्जसुद्धा डोमेनसारखाच दिसतो.

कपलिंग, म्हणजे मॅग्नेटिक फील्डने पोलरायझेशन बदलतं का हे, सगळ्यात शेवटी घेतलं. त्याच जागी, आधी आणि नंतर मॅग्नेटिक फील्ड लावून पीएफएम, टोपोग्राफी जुळवून. शेजारी फील्ड न लावता तेवढाच वेळ थांबून घेतलेला सेटही, कारण डोमेन आपोआपही सरकतात. आता मुद्दाम स्पिनेल राहू दिलेल्या फिल्मवर हेच मोजतेय, कारण स्पिनेल फील्डमध्ये ताणला जाऊन शेजारचे डोमेन ढकलू शकतो. तो डेटा येईपर्यंत पेपरमध्ये कपलिंगबद्दल एवढंच लिहिलंय की फील्डने काही डोमेन बदलतात.