तोंडीचे वीस मार्क

शाळेत मराठीचा पेपर लेखी ८० चा आणि तोंडी २० ची. तोंडी कुणी मनावर घेत नसे. बाई सगळ्यांना अठरा-एकोणीस देऊन मोकळ्या व्हायच्या. इतिहासातही तोंडीचा भाव साधारण तेवढाच. इतिहासाचार्य राजवाड्यांना अख्ख्या बखरीपेक्षा अस्सल कागदाचं एक चिटोरं मोलाचं वाटे, आणि त्यांचं चुकत होतं असं म्हणायची माझी छाती नाही. पण माझ्या आजीच्या नावावर कागद असून असून किती? रेशनकार्ड, आधार आणि सातबाऱ्यावर शेवटून दुसरं नाव. आधारवर जन्मतारीख १ जानेवारी. "लिवनाऱ्या पोराला घाई व्हती," इति आजी.

मागच्या दिवाळीत गावी गेलो तेव्हा बहात्तरच्या दुष्काळाबद्दल तिला बोलतं करायचं ठरवलं. मोबाईल रेकॉर्डिंगला लावून पुढ्यात ठेवला, घसा खाकरला आणि विचारलं, "आजी, दुष्काळाचा तुमच्या जीवनावर काय परिणाम झाला?"

एरवी मी तिला अगं-तुगं करतो. त्या 'तुमच्या'नेच ती सावध झाली असावी.

"काय व्हनार? वाळलो."

मुलाखत संपली. मग चहा झाला, आणि कप उचलता उचलता सहज म्हणालो, "कामावर जाताना फडक्यात काय बांधून न्यायचीस गं?" त्यानंतर सव्वा तास ती थांबली नाही.

खडी फोडायचं काम. बोटांना चिंध्या गुंडाळायच्या, तरी कपची उडून डोळ्यात जायचीच. फडक्यात मिलोची भाकरी. मिलो म्हणजे अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. पिठाला चिकटपणा नाही, थापताना काठ उलायचे. "गरम हाय तवर भाकरी, गार झाली की कौल." दुपारी कामावर सुकडी वाटायचे. कोरडी, गोडसर, घशात बसणारी. आजी दोन चिमट्या तोंडात टाकायची आणि उरलेली पदराच्या गाठीत. संध्याकाळी थोरला, म्हणजे माझे वडील, पांदीपर्यंत पळत यायचा.

पलीकडे पेपर वाचत बसलेले वडील मान वर न करता म्हणाले, "मला सुकडी आवडायची नाही."

"आवडायची न्हाई म्हनं! पदर चाटायचास."

पेपर आणखी थोडा वर गेला. कुणाचं खरं धरायचं? मी दोन्ही ठेवलंय.

१९७३ च्या मे महिन्यात राज्यात जवळजवळ ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती, हे छापील आहे. वि. स. पागे यांची रोजगार हमी योजना, तिचा १९७७ चा कायदा, हेही छापील. पदराच्या गाठीला मात्र कुठल्याच तक्त्यात रकाना नाही.

आता तोंडीतली चूक. आजी ठासून सांगते की गाजरगवत, आमच्याकडचं काँग्रेस, मिलोच्या पोत्यांतून आलं. तिच्या वयाचं अख्खं गाव हेच सांगतं. प्रत्यक्षात या गवताची पुण्यात नोंद झाली ती १९५० च्या दशकात, दुष्काळाच्या कितीतरी आधी. पूर्वी मी तिला दुरुस्त करायचो. मग इटलीतली एक गोष्ट वाचनात आली. तेर्नी गावात लुइजी त्रास्तुली नावाचा पोलाद कारखान्यातला तरुण कामगार १९४९ च्या मार्चमध्ये, नाटो कराराविरुद्धच्या निदर्शनात पोलिसांच्या हातून मारला गेला. पण कित्येक कामगार तो १९५३ च्या कामगार कपातीच्या वेळी मेला असं सांगत राहिले. आलेस्सांद्रो पोर्तेली या अभ्यासकाने ही चूक झटकली नाही, तिच्यापाशीच बसकण मारली. गड्यांचा जीव तुटला होता तो नोकऱ्या गेल्या तेव्हा. आपल्या पोराचं मरण त्यांनी तिथे नेऊन ठेवलं.

तेव्हापासून गाजरगवताचं मी आजीला काही म्हणत नाही. उपकाराचं धान्य आणि न उपटणारं तण तिने एकाच पोत्यात भरलंय. तारखेला ते चुकतं, पण त्या धान्याबद्दल तिला काय वाटायचं ते इतकं नेमकं दुसरीकडे कुठे सापडलं नसतं. अर्थात सगळ्याच चुकांत असा अर्थ लपलेला नसतो. तिच्या हिशेबात माझ्या काकाचं लग्न त्याच्या जन्माआधी झालंय. तो नुसता घोळ आहे.

शेवटी विचारलं, "आणि मुकादम कसा होता?"

रेकॉर्डिंगमध्ये इथे बराच वेळ कुणीच बोलत नाही. मागे शेळी ओरडते. मग आजी म्हणते, "ते बंद कर आदी."

केलं.

"बघू."

दाखवलं. तरी तिने फोन माझ्या हातातून घेतला, पालथा घातला आणि उशीखाली सरकवला. वडील पेपर घेऊन ओट्यावर गेले. मग ती बोलली.

बोलून झाल्यावर फोन तिनेच काढून दिला. "कर आता चालू." दुसरी फाईल तिथून सुरू होते, नेहमीच्या खणखणीत आवाजात: "तर, मंग पाऊस पडला."