आमची वाटचाल: जुन्या मशीनला एक डिस्क जास्त

दापोलीत आमचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान २००५ च्या गणपतीत सुरू झालं. एक टेबल, सोल्डरिंग गन, मल्टिमीटर आणि आंब्याच्या पैशातून वडिलांनी दिलेलं भांडवल, एवढंच होतं. पहिलं गिऱ्हाईक म्हणजे सणाला आलेले एक चाकरमानी काका. मुंबईच्या ऑफिसातून निघालेला जुना कॉम्प्युटर त्यांनी एसटीतून गावी आणला होता. त्यातली ४० जीबीची डिस्क भरली होती, आणि भाच्यानं दिलेली दुसरी डिस्क काही केल्या दिसत नव्हती. ते म्हणाले, "बाबा, नवीन घ्यायला सांगू नको हां. ह्यातच काय ते बसव." गेली वीस वर्षं आम्ही बहुतांशी हेच करत आलोय.

तो आयडीईचा, म्हणजे डिस्क जोडायच्या जुन्या पद्धतीचा जमाना होता. चाळीस पिनांचा चपटा पट्टा, एका पट्ट्यावर दोन डिस्क, एक मास्टर (पहिली) आणि एक स्लेव्ह (दुसरी). काकांच्या दोन्ही डिस्कचे जंपर (पिनांवर बसणाऱ्या छोट्या टोप्या) मास्टरवरच होते, त्यामुळे मदरबोर्डाला धड एकही ओळखता येत नव्हती. चिमट्यानं एक जंपर सरकवला आणि दोन्ही दिसू लागल्या. पैसे घ्यायला संकोच वाटत होता, पण काकांनी आग्रहानं दिले. ते मशीन पुढे कितीतरी वर्षं चाललं.

मग साटा आलं, डिस्क जोडायची नवी पद्धत. एका पोर्टाला एकच डिस्क, जंपरची भानगड नाही, म्हणून आम्ही खूश झालो. पण व्हिया कंपनीच्या जुन्या चिपसेटच्या (बोर्डावरच्या मुख्य चिपच्या) एका बोर्डानं आमचे दोन दिवस खाल्ले. नवी डिस्क सेकंदाला ३ गिगाबिटची, बोर्ड दीड गिगाबिटचा. वेग आपोआप खाली यायला हवा, पण त्या चिपला ते जमत नव्हतं आणि डिस्क दिसतच नव्हती. शेवटी डिस्कच्या मागच्या पिनांवर छोटा जंपर घालून तिला दीड गिगाबिटवर बांधलं. कुठल्या दोन पिना ते लेबलवर छापलेलंच होतं. तेव्हापासून दुकानात शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलाला आधी लेबल वाचायला लावतो.

इंटेलच्या जी३१, जी४१ या जुन्या चिपसेटचे बोर्ड आमच्या भागात अजून भरपूर आहेत. त्यावर सहसा साटाचे चार पोर्ट असतात. एक डिस्क, एक डीव्हीडी रायटर, म्हणजे दोन मोकळे. त्यातल्या एकावर एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) लावून विंडोज तिच्यावर घेतली की मशीन बदलल्यासारखं वाटतं. पोर्ट ३ गिगाबिटचा असल्यानं एसएसडीचा पूर्ण वेग मिळत नाही, तरी जुन्या डिस्कपेक्षा फरक कितीतरी मोठा. चारही पोर्ट भरले तर पीसीआय एक्स्प्रेसच्या लहान खाचेत साटा कार्ड बसवतो. जुन्या पांढऱ्या पीसीआय खाचेतलं कार्ड शक्यतो टाळतो, कारण तिथली सगळी कार्डं मिळून सेकंदाला १३३ एमबीच वाटून घेतात.

डिस्क जोडल्यावर मशीन चालूच होईना म्हणून घाबरून फोन येतात. बहुतेक वेळा बायोसनं (मशीन चालू होताना आधी चालणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रामनं) नव्या रिकाम्या डिस्कला पहिला नंबर दिलेला असतो. क्रम बदलला की झालं, डेटा जागच्या जागी असतो. आणखी एक नेहमीचं दुखणं म्हणजे ३ टीबीची डिस्क ७४६ जीबी दिसते. तो डिस्कचा दोष नाही, जुन्या ड्रायव्हरचा (डिस्क चालवणाऱ्या प्रोग्रामचा) आकडा २ टीबीच्या आसपास संपून पुन्हा शून्यापासून सुरू होतो, म्हणून वरची उरलेलीच जागा दिसते. ड्रायव्हर नवा घातला आणि डिस्कची विभागणी जीपीटी या नव्या पद्धतीची केली की विंडोज ७ मध्ये पूर्ण जागा मिळते. एमबीआर या जुन्या पद्धतीत २ टीबीच्या पुढची जागा वायाच जाते.

हर्णै, कर्दे, मुरुडकडचं मशीन आलं की आम्ही डिस्कला हात लावायच्या आधी पिना बघतो. खाऱ्या हवेनं त्यांच्यावर हिरवट थर धरलेला असतो. रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर खोडरबर फिरवायचा, पोर्ट ब्रशनं आणि आयपीएनं (साफ करायच्या अल्कोहोलनं) साफ करायचे, साटा केबल नवी घालायची. एवढ्यावरच कितीतरी "मेलेल्या" डिस्क परत बोलू लागल्या आहेत.

एक चूक मात्र मनात सलते. एका फोटो स्टुडिओला लग्नांच्या फोटोंसाठी तिसरी डिस्क हवी होती. एसएमपीएसला, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याला, साटाची वायर उरली नव्हती, म्हणून मी जुन्या चार पिनांच्या मोलेक्स कनेक्टरवरून साटाचा स्वस्तातला कन्व्हर्टर लावून दिला. महिनाभरानं त्यांचा फोन आला, "दादा, जळका वास येतोय, प्लग काढलाय." जाऊन पाहिलं तर कन्व्हर्टरचं प्लॅस्टिक वितळून डिस्कच्या तोंडाला चिकटलेलं. एकाच साच्यात ओतलेल्या त्या कनेक्टरमध्ये तारा इतक्या जवळ असतात की आत शॉर्ट होतो. नखानं हळूहळू प्लॅस्टिक सोडवलं, डिस्क चांगल्या एसएमपीएसवर लावली आणि फोटो उतरवून घेईपर्यंत जागचा हललो नाही. फोटो मिळाले. नव्या डिस्कचे पैसे मी घेतले नाहीत. त्या दिवसापासून तसला कन्व्हर्टर दुकानात ठेवलेला नाही. मोठी डिस्क फिरायला सुरुवात करताना १२ व्होल्टवर दोन अँपिअरपर्यंत खेचते. त्यामुळे तिसरी डिस्क म्हटलं की आधी एसएमपीएस तपासतो, लागला तर बदलायलाच सांगतो. गिऱ्हाईक नाराज झालं तरी चालेल.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. दुकानाचे पत्रे उडाले, वीज कित्येक दिवस नव्हती. नंतर भिजलेली मशिनं यायला लागली. सुकवल्याशिवाय एकालाही वीज द्यायची नाही, हे मी दारावरच लिहून लावलं होतं. एका आंबा व्यापाऱ्यानं आम्हीच बसवलेल्या दुसऱ्या डिस्कवर रोज हिशेब उतरवून ठेवला होता. दोन्ही डिस्क एकाच कॅबिनेटमध्ये, दोन्ही चिखलात. थोडाफार डेटा निघाला, बाकीच्यासाठी त्यांना वह्या चाळत बसावं लागलं. ती दुसरी डिस्क बसवताना "आता काळजी नाही" असं मीच त्यांना म्हणालो होतो. तेव्हापासून आतल्या डिस्कबरोबर एक बाहेरची यूएसबी डिस्क देतो आणि ती दुसऱ्या घरात ठेवायला सांगतो. त्या व्यापाऱ्यांची आता मुलीच्या घरी असते.

ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार (नियमित अपडेट) संपला आणि "आता मशीन टाकायचं का?" असं रोज कुणीतरी विचारतं. ज्याचं काम फक्त बिलं आणि पत्रं आहे, त्याला आम्ही एसएसडीवर लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टिम) घालून देतो आणि जुनी डिस्क डेटासाठी तशीच ठेवतो. आज टेबलावर असंच एक आहे, त्या पहिल्या काकांच्या नातवानं आणलेलं जी४१. चार पोर्टांपैकी एक गंजलाय, तीन चांगले आहेत. संध्याकाळपर्यंत देतो म्हणून सांगितलंय.