कोड नऊ, इतर

बाळ बुधवारी दुपारी तीन चाळीसला झालं होतं. म्हणजे शनिवारी दुपारी तीन चाळीसच्या आत त्याची सगळी मापं व्हायला हवी होती. आमच्या प्रकल्पात ७२ तासांचा नियम आहे. नंतर घेतलेलं माप मोजणीत धरत नाहीत. दवाखान्यातून शुक्रवारीच घरी सोडल्यामुळे आम्ही सातारा जिल्ह्यातल्या त्या वाडीवर पोचलो तेव्हा शनिवारचा दीड वाजला होता.

हृदयविकाराच्या संशोधनात काम करते म्हटलं की लोकांना वाटतं, मी ईसीजी काढते. मी तान्ह्या बाळांना चिमटा लावते. दंडाच्या मागे आणि खांद्याच्या फऱ्याखाली कातडी उचलायची, कॅलिपर लावायचा, कातडीखालच्या चरबीच्या जाडीचा आकडा वाचायचा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत हेच केलं. तिथली बाळं सरासरी पावणेतीन किलोच्या आतबाहेर, इंग्लंडात साउदॅम्प्टनची साडेतीनच्या आसपास. आपली बाळं दंडाला बारीक, पोटाला बारीक, पण पाठीवरची चरबी मात्र जवळपास त्यांच्या तोडीची. किडकिडीत दिसणाऱ्या पोराच्या अंगात चरबी दडलेली असते आणि पुढे मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार त्याच वाटेने येतात, हे तिथून पुढे आलं. आमचा प्रकल्प त्याच धर्तीवरचा, खूप लहान.

वजन भरलं २ किलो ४५० ग्रॅम. डोकं आणि दंड मापून झाले. मग बाळाने भोकाड पसरलं आणि आईने त्याला पदराखाली घेतलं. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी, ओव्याचा धूर, माझा चष्मा धुरकटलेला. आता ते झोपेपर्यंत थांबायचं.

दारात पणजी बसली होती, बोटाने मशेरी लावत. सातव्या महिन्यात मी बाळाच्या आईला बघायला आले होते, तेव्हा ती म्हणाली होती, "माजं बी बघ की गं पोरी." मी म्हटलं होतं, "आजी, पुढच्या वेळी." खरं कारण असं की आमच्या फॉर्मात आई, वडील, बाळ आहेत. आजी-आजोबांना एक ओळ आहे: हयात की मयत, साखर आहे की नाही. पणजीला तीही नाही.

या वेळी वेळ होता म्हणून म्हटलं, या. मशेरीनंतर लगेच रक्तदाब घेऊ नये, निदान अर्धा तास थांबावं. तोंड धुवायला लावलं आणि खुर्चीवर पाठ टेकवून, पाय जमिनीला लावून बसवलं. अर्धा तास गप्प बसणारी बाई नव्हती ती. बोलता बोलता म्हणाली, "परवा सकाळी तांब्या हातातनं सुटला. उजव्या अंगावरनं वारं चाललं हुतं. त्वांडातनं सबूद फुटंना. पर माघारी फिरलं बग, च्या उकळंस्तवर हात ठीक झाला."

मी सुनेकडे पाहिलं. "तेल चोळलं ताई, लगेच बरं वाटलं त्यांना."

अंगावरून वारं गेलं म्हणजे लकवा, हे आमच्याकडे पोरालाही कळतं. वारं माघारी फिरतं त्याला मात्र घरात कुणी आजार म्हणत नाही. मेंदूची रक्तवाहिनी थोडा वेळ तुंबते आणि मोकळी होते. मोठ्या झटक्याचा धोका सगळ्यात जास्त असतो तो त्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत. परवा म्हणजे गुरुवार. आज शनिवार.

पट्टा बांधला. १९६ वर ११२. पाच मिनिटांनी १९० वर १०८. गोळ्या? शिबिरात मिळाल्या होत्या, "संपल्या, आन् बरं बी वाटत हुतं."

जीपच्या पेटीत ॲस्पिरिन असते. ती द्यायची नाही, एवढं मला शिकवलेलं आहे. आत रक्तस्राव असेल तर उलटंच व्हायचं, आधी स्कॅन. तालुक्याला स्कॅनची सोय नाही, म्हणजे सरळ सातारा. माझी जोडीदारीण नवीन, चिमट्यावर तिचा हात अजून तपासून झालेला नव्हता, आणि बाळाची लांबी घ्यायला तर दोघं लागतात: एकजण डोकं फळीला धरतं, दुसरं गुडघे सरळ करतं. दोन वीसला मी पणजीला आणि सुनेला जीपमध्ये घातलं.

वाटेत मला इंग्लंडातल्या हर्टफर्डशायरच्या परिचारिका आठवल्या. १९११ पासून घरोघर जाऊन त्या बाळांची वजनं वहीत टिपत होत्या. त्याच वह्या हाती घेऊन १९८९ साली संशोधक डॉ. डेव्हिड बार्कर यांनी दाखवलं, की जन्मताना आणि वर्षाची होताना जी मुलं हलकी होती ती मोठेपणी हृदयविकाराने जास्त दगावली. त्या बायकांच्या वेळीही दारात कुणीतरी म्हातारी बसलेली असणारच. तिचं वहीत काही नाही.

स्कॅनमध्ये रक्तस्राव नव्हता. तीन दिवस ठेवून घेतलं, गोळ्या सुरू केल्या. डॉक्टर मशेरीवरून बोलले तेव्हा पणजीने दुसरीकडे पाहिलं.

बाळाच्या फॉर्मात लांबी आणि दोन्ही चिमटे कोरे राहिले. माप न घेतल्याचं कारण लिहायला कोड असतात: १ आजारी, २ घरी नाही, ३ नकार, ९ इतर. मी ९ लिहिलं आणि पुढे एक शब्द.

सोमवारी डेटा खोलीतून फोन आला. "मॅडम, इथे 'पणजी' लिहिलंय. हे गावाचं नाव आहे का?"